सुतकातली बरणी

मंगळवारी सकाळी माझ्या पत्नीने प्रयोगशाळेत जेल बरणीत ओतले, झाकण लावले आणि बरणी ओव्हनमध्ये ठेवली. दुपारी वर्गात शिकवताना ती खुर्चीवर बसली. तिला रुग्णालयात नेले. संध्याकाळी ती गेली.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहायला मला येत नाही. बरणीबद्दल मात्र येते. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे, एका वाक्यावर सकाळ घालवणारा. पण बरणीबद्दल लिहायला घेतले की पेन पळायला लागते. तेव्हा बरणीबद्दलच लिहितो.

आम्ही दोघेही रसायनशास्त्राचे. मी नगरमध्ये अकरावी-बारावीला शिकवतो. ती दुसऱ्या एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना शिकवायची आणि मुलांची लग्नकार्ये उरकायच्या वयात तिने पीएच.डी.ला नाव घातले होते. आम्हाला मूल नव्हते, म्हणून ती म्हणायची, "माझ्याकडे कार्य उरकायला हेच आहे." सावेडीतल्या घरातून रविवारी स्कूटरवर निघायचे आणि तिच्या प्रयोगशाळेत दिवस काढायचा, ही आमची सहल. सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी नसायचे. ती द्रावणे करायची, मी तिची पूड चाळून नळीत भरायचो. माझा हात स्थिर आहे, एवढीच माझी पात्रता.

ती करायची ते संकरित सिलिका. नव्या पर्समध्ये किंवा बुटाच्या खोक्यात 'खाऊ नये' असे छापलेली पुडी निघते ना, तिच्यातले मणी म्हणजे साधी सिलिका. वाळूचाच स्वच्छ, सच्छिद्र अवतार. ती हवेतला ओलावा ओढते आणि बाकीच्यांकडे फारसे बघत नाही. माझी पत्नी त्या वाळूच्या छिद्रांच्या भिंतींवर कार्बनच्या षट्कोनी कड्या लटकवायची. अर्धे शरीर वाळूचे, अर्धे कार्बनचे. अशा वाळूने भरलेल्या नळीतून रसायनांच्या मिसळलेल्या वाफा सोडायच्या आणि त्या दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या बाहेर पडतात का ते पाहायचे.

तिने निवडलेल्या वाफा दोन: बेन्झीन, त्या कड्यांचाच भाऊबंद, आणि सायक्लोहेक्झेन. ही जोडी मोठी चिवट. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलरी इतक्या, की तापवून वेगळे करणे म्हणजे काय हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पण त्यासाठी एकाने लवकर उकळावे लागते आणि दुसऱ्याने उशिरा. हे दोघे जवळजवळ एकाच तापमानाला उकळतात. तापवले की दोघे हातात हात घालून वर जातात.

"पण मग वेगळे करायचे कशाला?" असे मी तिला सुरुवातीला विचारले होते. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो आणि कुठून तरी रंगकामाचा वास येत होता. ती म्हणाली, "हा वास म्हणजे हवेत गेलेला माल आहे. पकडता येतो. पण मिसळलेला पकडला तर कुणाच्या कामाचा नाही, परत जाळूनच टाकणार. वेगळा करून दिला तर परत वापरतील, आणि आपल्या नाकातही येणार नाही." मग ओल्या चादरीचे टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "पिळा."

माझ्या आईला हे सगळे समजावून सांगायचा प्रसंग आला तो गावी. आमचे गाव जिल्ह्यातल्याच बेलापूरजवळ, आई तिथेच राहते. ओट्यावर शेंगा फोडता फोडता आईने विचारले, "कालेजात शिकिवती ते ठावं हाय. पर आयतवारी सुदिक काय करती गं तिथं?"

"वाळू करते, आई. हायब्रीड वाळू."

"हायब्रीड?" आईने शेंग बाजूला ठेवली. "हायब्रीडला चव नसती बघ. ती ज्वारी आमी खाल्लीया. निस्ती पोट भरायची."

"हिला आहे. ही चव घेऊनच माणूस ओळखते."

"आता गं बया!"

मग पत्नीने जे सांगितले ते मी पुढे माझ्या बारावीच्या वर्गातही कित्येकदा वापरले. ती म्हणाली, "आई, तुम्ही आणि शेजारच्या काकू रविवारी बेलापूरच्या बाजाराला एकत्र निघता की नाही? चाल दोघींची सारखी. रस्ता एकच. मग काकू आधी घरी कशा येतात?"

"ती मुकी हाय," आई म्हणाली. "कुनाशी बोलत न्हाई का काय न्हाई. पिशवी भरली का निघाली."

"आणि तुम्ही?"

"मी कशी निघू? कासार हाक मारतो. कांदेवाली माझ्या माहेरची. शिंप्याची सून बाळातपनाला आलीया, तिला बघाया नगं?"

"झालं तर मग. तुम्ही बेन्झीन. काकू सायक्लोहेक्झेन. माझी वाळू म्हणजे बाजार. त्या बाजारात मी बेन्झीनच्या नात्यातली माणसं जागोजागी बसवून ठेवलीत. काकू सरळ बाहेर पडतात. तुम्ही प्रत्येकाशी बोलत बोलत येता. निघताना दोघी बरोबर, पोचताना वेगळ्या."

आईने थोडा विचार केला. "मंजी मी उशिरा आले का तुजं काम झालं?"

"तुम्ही उशिरा आलात की माझं काम झालं."

"मग काय अवघड हाय त्यात," आई म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

अवघड होते. आई उशिरा येत नव्हती. दोन्ही वाफा नळीतून एकत्रच बाहेर पडत, आणि नळी बसवलेल्या यंत्राच्या पडद्यावर एकच बुटका डोंगर उमटे, फार तर खांद्याला थोडा बाक. कारण जेल तडकायचे. द्रव घट्ट होऊन काचेसारखी स्वच्छ, थरथरती वडी होते, तिथपर्यंत सगळे छान. पण बरणी उघडून वाळवायला ठेवली की वडीला चिरा जायच्या, मग तिचे खपले व्हायचे आणि खपल्यांचे पीठ. पीठ नळीत भरले तर वायू कडेने वाट काढून निघून जातो, छिद्रांपर्यंत पोचतच नाही. बाजार भरला, पण दुकाने बंद, असे ती म्हणायची.

तिच्या जोडीला, विभागप्रमुखांच्याच हाताखाली, एक मुलगी संशोधन करत होती. पाथर्डीकडची, ऊसतोड कामगारांच्या घरातली, नेटसेट करून आलेली आणि कुणाचे ऐकून न घेणारी. दोघींचे काम एकाच पुडीवर उभे होते. विभागप्रमुख सज्जन गृहस्थ, पण त्यांनाही वर उत्तरे द्यायची होती. त्यांनी सांगितले होते की या सत्राअखेर दोन शिखरे वेगळी दिसली नाहीत तर विषय बंद करायचा, मुलीने दुसरा विषय घ्यायचा आणि कपाटातला त्यांचा खण मोकळा करायचा.

सोमवारी संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून पत्नी म्हणाली, "उद्या अमोनिया थोडा कमी घालणार आहे, जेल सावकाश धरेल. या वेळी होणार."

"दर वेळी म्हणतेस."

"या वेळी होणार. झालं की मी पहिला फोन आईंना करणार. म्हणणार, आई, बाजारातून उशिरा आलात."

दुसऱ्या दिवशीचे वर लिहिले आहे.

अंत्यसंस्कार गावी झाले. घरात जिथे तिला ठेवले होते तिथे आईने तेलाचा दिवा लावला. आमच्याकडे तो दहा दिवस विझू देत नाहीत. वाऱ्याने जाऊ नये म्हणून त्याच्या भोवती विटांचा आडोसा करतात. मी त्या आडोशाजवळ बसून होतो. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला.

"सर, विचारू का नको कळंना. मॅडमनी बरणी ठेवली होती. नियमाप्रमाणे आज उघडायची. उघडू?"

मी फोनवर हात ठेवला. आईने विचारले, "कोन हाय?" मी सांगितले. बरणी, ओव्हन, सगळे. आईने एकच प्रश्न केला, "तिनं सवता ठिवलंय त्ये?"

"हो."

"तिच्या हातचं शेवटचं?"

"हो, आई."

"मग सुतक फिटल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई. तेराव्यानंतर बगा."

मी आईला सांगू शकलो असतो की जेलला सुतक नसते. मी रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. बरणीतल्या रेणूंना कोण गेले आणि कोण राहिले याच्याशी कर्तव्य नसते, हे मला कळते. पण मी फोनमध्ये म्हणालो, "नको उघडूस. आई नको म्हणते."

मला वाटले होते ती वाद घालेल. एरवी तिने घातलाच असता. ती म्हणाली, "बरं झालं सर. माझा पण हात जाईना."

याचे कारण तिने मला नंतर सांगितले. लहानपणी ती आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर असताना तिची आजी तिथेच कोपीत, पाचटाच्या झोपडीत, वारली. "दुसऱ्या दिवशी सकाळी आमी कोयता घेतला सर. गाडी भरायची होती. सुतक कुणी पाळायचं? आईला ते आजवर लागून आहे." म्हणून या वेळी तिने ठरवले की पाळायचे. पूर्ण.

"ओव्हनचं काय करू?" तिने फोनवर विचारले. "चालू आहे. बंद करू?"

मी आईकडे पाहिले. आई दिव्यात तेल घालत होती. तिने ऐकले होते. "चालू ऱ्हाऊ दे म्हनावं," ती म्हणाली.

असा तो ओव्हन चालू राहिला. फार तापलेला नव्हे. उन्हात ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यातले पाणी असते तितपत. पुढे लाल बत्ती पेटलेली. ती मुलगी रोज सकाळी जाऊन बत्ती लागली आहे ना ते बघायची आणि परत यायची. एक दिवस विभागप्रमुख आत आले आणि म्हणाले, "अहो, हा ओव्हन इतके दिवस कुणी चालू ठेवलाय? त्यात काय शिजतंय?"

ती म्हणाली, "मॅडमची बरणी आहे सर. तेराव्यापर्यंत उघडायची नाही, घरून सांगितलंय."

ते लाल बत्तीकडे बघत उभे राहिले. तेही याच जिल्ह्यातले. "वायर गरम होत नाही ना, तेवढं बघत जा," म्हणाले आणि गेले.

तेरावा झाला. मी नगरला परत आलो आणि घरी न जाता थेट प्रयोगशाळेत गेलो. घरी जायचे मला टाळायचे होते, हेही खरेच. ती मुलगी वाट बघत होती. दोघांचीही अपेक्षा फार नव्हती. इतके दिवस गरम कोंडलेल्या बरणीत काय झाले असेल? वाळून खपले झाले असतील, आणि खपले असले की सत्रअखेर, खण मोकळा, विषय बंद. तिच्या हातचे तेवढेच उरले होते. पुन्हा तिच्या हातचे करता येणार नव्हते.

मी बरणी बाहेर काढली. झाकण घट्ट बसले होते. वर पाण्यासारखा स्वच्छ द्रव जमला होता. जेलने तो स्वतःतून पिळून बाहेर टाकला होता. खाली वडी. आकसून बरणीच्या काचेपासून सुटलेली, दुधी निळसर, आणि अख्खी.

"सर," ती मुलगी म्हणाली.

"दिसतंय."

"सर, एक चीर नाही!"

तिने बरणी उजेडाकडे धरली. मग उलट्या बाजूने धरली. मग खाली वाकून तळ पाहिला. मी पण वाकलो. दोन माणसे एका बरणीखाली माना वाकड्या करून बघत होती, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आले की माझे हृदय जोरात धडधडते आहे. शोकाने ते इतके दिवस जड झाले होते; असे धडधडणे मी विसरलो होतो.

पुढचे दिवस घाईत आणि मुद्दाम सावकाश गेले. वडी अल्कोहोलमध्ये ठेवायची, अल्कोहोल बदलायचे, पुन्हा ठेवायची. मग बरणीच्या तोंडावर भोके पाडलेला कागद बांधून वाळवायची. मी शाळेच्या तासांमधून फोन करायचो, "काय?" ती म्हणायची, "अख्खी." दुसऱ्या दिवशी, "काय?" "अख्खी आहे सर, तुम्ही तास घ्या." वाळताना ती थोडी तडकली, पण खडीसाखरेसारखी, टणक मोठ्या तुकड्यांत. पीठ झाले नाही. खलात हलक्या हाताने फोडली, दोन पितळी चाळण्यांतून चाळली. वरच्या चाळणीवर जाड कण राहिले, खालच्यातून बारीक गळून गेले, आणि मधल्या थरात आम्हाला हवी ती पूड. एका नळीपुरती. चिमूटभर जास्त.

नळी भरायचे काम माझे. काचेच्या लोकरीचा बोळा एका टोकाला बसवायचा, दुसऱ्या टोकाने छोट्या नरसाळ्यातून पूड सोडायची आणि नळीला पेन्सिलीने टिचक्या मारत राहायचे, म्हणजे कण एकमेकांजवळ नीट बसतात. जोरात मारले तर कण फुटतात, हळू मारले तर मध्ये पोकळी राहते. यासाठी माझी एक ठरलेली पेन्सिल होती, तिच्याच खणात. पत्नी शेजारी बसून कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "आवाज बदलला, भरत आली." त्या दिवशी आवाज बदलला तेव्हा मीच म्हणालो, "भरत आली." मुलगी म्हणाली, "हो सर."

आता उरले तापवणे. नळीत चिकटून राहिलेले अल्कोहोल आणि पाणी घालवायला नळी यंत्रात बसवून, नायट्रोजन सोडून तापवावी लागते. साधी सिलिका असती तर भट्टीत घातली असती. हिला तसे चालत नाही. फार तापवले तर लटकवलेल्या कड्या जळतात आणि मागे राहते पर्सच्या पुडीतली वाळू. तापमानाचा आकडा मुलीने घातला, मी वाचला, तिने पुन्हा वाचला. मग विभागाचे दार लावून आम्ही घरी गेलो. त्या रात्री मी झोपलो, तेराव्यानंतर पहिल्यांदा.

सकाळी नळी थंड झाली होती. मुलीने बारीक सुईच्या सिरिंजमध्ये मिश्रण ओढले. थेंबाचा कितवा तरी अंश.

"तुम्ही टोचता का सर?"

"नाही. तू."

तिने सुई आत घातली, दांडा दाबला आणि सुई काढली. पडद्यावर सपाट रेघ सरकू लागली. आम्ही दोघे स्टुलावर. यंत्राच्या पंख्याचा आवाज. रेघ सरकत होती, सरकत होती, आणि मग उठली. चढली, टोकाला गेली, उतरली. खाली, अगदी जमिनीपर्यंत उतरली.

मागे शेपूट नाही. खांद्याला बाक नाही.

"ही काकू," मुलगी हळूच म्हणाली. तिला बाजाराची गोष्ट अर्थातच पाठ होती; मॅडमनी ती सगळ्या विभागाला सांगितली होती.

"ही काकू. आणि?"

रेघ सपाट. आम्ही वाट बघत होतो. अजून सपाट.

"सर, आजी कुठं राहिल्या?"

"कासाराकडे असेल."

"इतका वेळ?"

"कांदेवाली माहेरची आहे."

सपाट. मला वाटायला लागले की दोघी एकत्रच आल्या, ते एकच शिखर होते, जे दर वेळी असते तेच, फक्त या वेळी नीटनेटके. मी चष्मा काढून पुसला. मुलीने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"शिंप्याची सून," मी म्हणालो.

आणि रेघ उठली.

"आली!" मुलगी ओरडली. "आली सर! आजी आली! आली बघा बाजारातनं, लई उशिरा आली!" ती उभी राहिली, स्टूल मागे पडले, आणि ती पडद्याला हात लावू लागली, जणू शिखर पडू नये म्हणून आधार देते आहे. मी पण उभा होतो. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. पण ओरडलो, हे नक्की, कारण विभागप्रमुख चपला वाजवत धावत आले. त्यांना वाटले असावे काही फुटले.

त्यांनी पडदा पाहिला. दोन शिखरे, मध्ये ऐसपैस सपाट माळ.

"परत टोचा," ते म्हणाले.

परत टोचले. तेच. मग नुसते बेन्झीन टोचले: नेमके दुसऱ्या शिखराच्या जागी उठले. नुसते सायक्लोहेक्झेन: पहिल्या जागी. आता शंकेला जागा नव्हती. विभागप्रमुख पडलेले स्टूल उचलून त्याच्यावरच बसले. "मॅडमना कळवा" असे त्यांच्या तोंडून निघून गेले. मग त्यांनी रुमाल काढला. यंत्राचा पंखा चालू होता.

कळवायचे कुणाला ते मला ठाऊक होते. मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला.

"आई, तू बाजारातून उशिरा आलीस."

मला वाटले ती विसरली. मग आई म्हणाली, "किती उशिरा?"

"चांगलाच उशीर झाला. आम्हाला वाटलं येतेस का नाही."

"मंग ती मुकी घरी जाऊन भाकरी थापून मोकळी झाली आसंल."

मी हसलो. व्हरांड्यात, मुले जात-येत असताना, मोठ्याने. आणि हसता हसता मला लाजल्यासारखे झाले, कारण घरात अजून दुखवटा होता. आईने ऐकले असणार.

"हासतुयास व्हय रं?"

"नाही, आई."

"न्हाई काय न्हाई. हास. ती आसती तर पडूस्तोवर हासली आसती." मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "मी म्हनलं व्हतं का न्हाई, सुतक फिटल्याबिगर उघडू नगा?"

तिने ते सहज म्हटले. पण मी फोन ठेवून आत आलो तेव्हा ते डोक्यात राहिले होते. मुलीलाही तेच सुचले होते. ती म्हणाली, "सर, मॅडमनी अमोनिया कमी घातला म्हणून झालं, का आपण बरणी उघडली नाही म्हणून?"

हा प्रश्न पत्नीने विचारला असता. म्हणून त्याचे उत्तर शोधणे भाग होते. पुढच्या आठवड्यात मुलीने तेच द्रावण केले, कमी अमोनियाचे, आणि एकाच भांड्यातून दोन बरण्यांत ओतले. पट्टी चिकटवून एकीवर लिहिले 'बिनसुतकाची', दुसरीवर 'सुतकाची'. पहिली तिसऱ्या दिवशी उघडली. दुसरी ओव्हनमध्ये तेवढेच दिवस कोंडून ठेवली, तेवढ्याच उबेत. विभागप्रमुखांनी पट्ट्या वाचल्या आणि तशाच राहू दिल्या.

पहिली तडकून खपले झाली, नेहमीसारखी. दुसरी अख्खी निघाली. तिची नळी मीच भरली, त्याच पेन्सिलीने. मुलीने टोचले. काकू आल्या. मग आम्ही थांबलो. आणि आई आली, उशिरा, पहिल्याइतकीच.

नंतर पुस्तके काढून वाचली. कारण सापडते. बंद बरणीत, स्वतःच्याच द्रवात, उबेत राहिले की जेलच्या भिंती सावकाश जाड होत जातात, अरुंद छिद्रे रुंदावतात, आणि मग वाळवताना भिंतींना ताण सोसतो. हे जगाला माहीत होते. आम्हालाही वाचून माहीत होते. पण आमच्याकडे प्रत्येक वेळी कसली ना कसली मुदत असायची. रविवारी ओतले की पुढच्या रविवारच्या आत निकाल हवा. इतके दिवस हात न लावता बसणे कुठल्याच योजनेत बसले नसते.

शोधनिबंध लिहायला बसलो तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "जेल इतके दिवस का ठेवलं, हे परीक्षक विचारणार."

"सुतक होतं, असं लिहू?" मुलगी म्हणाली.

ते मोठ्याने हसले. मग त्यांनी सांगितले तसे लिहिले: दोन बरण्या, दोन मुदती, दोन निकाल. पहिले नाव पत्नीचे घातले. आईला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "आन् माजं?" मुलीने तिला फोनवर सांगितले, "आजी, माझ्या प्रबंधात टाकते. तुमच्यामुळंच बरणी बंद राहिली." आई म्हणाली, "टाक. पर बेन्झीन म्हनून नगं टाकू."

विषय बंद झाला नाही. खण मोकळा झाला नाही. ती मुलगी आता दुसऱ्या वाफांवर काम करते, तीन-तीन मिसळलेल्या, आणि तिसरीला नाव काय द्यायचे यावर तिची आणि आईची फोनवर चर्चा चालते. मी अजून रविवारी जातो. स्कूटरची मागची सीट रिकामी असते, तिच्यावर मी डबा बांधतो.

पहिली नळी यंत्रातच आहे आणि अजून दोघींना वेगळे करते. नळीत मावली नाही ती चिमूटभर पूड एका बाटलीत आहे. बाटली सावेडीच्या घरी आहे.